सकरची वीण आणि आपली धरणं

(कनेरगाव नाका येथील स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यान)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही माला चालते त्यांच्याविषयी माझ्या आधीच्या वक्त्यांनी भरभरून सांगितलं आहे, त्यात मी भर घालत नाही. पत्रिकेत माझा विषय 'नदी' असा छापला आहे. नदीवर बोलायला उभा राहिलेला माणूस पंधरा मिनिटांत संस्कृतीवर जातो आणि मग त्याला परत आणणं कुणाच्या हातात राहत नाही. तेव्हा आज एकाच माशाबद्दल बोलू. तो इथं ताटात ठेवला आहे. उजनीच्या जलाशयात, भिगवणच्या अंगाला जाळ्यात आलेला, नंतर वाळवलेला. तिकडचे मच्छीमार त्याला सकर म्हणतात, कुणी हेलिकॉप्टर मासा म्हणतात. पुस्तकातलं नाव टेरिगोप्लिक्थिस. ते पाठ करायची गरज नाही, परीक्षा नाही.

पुढच्या रांगेतल्या पोरांनी जरा इकडे यावं. डोक्याकडून शेपटीकडे बोट फिरवा. काही लागत नाही. आता उलटं फिरवा. लागलं ना? या माशाला खवले नाहीत. कौलारू घरावर कौलं एकावर एक चढवलेली असतात तशा हाडाच्या पाट्या अंगभर बसवलेल्या आहेत, आणि बोटाला लागले ते त्या पाट्यांवरचे बारीक काटे. त्यांना काटे म्हणतो खरे, पण त्यांची घडण दाताची आहे : आत गर, बाहेर तुमच्या-आमच्या दातात असतं तेच डेंटिन. म्हणजे अंगभर दात उगवलेला हा मासा आहे. पाठीवरचा पर उभा करा आणि शिरा मोजा. दहा किंवा त्याहून जास्त भरतील. सातच भरल्या असत्या तर हा त्याचा चुलता हायपोस्टोमस ठरला असता. आता पालथा करा. तोंड पुढे नाही, खाली पोटाकडे आहे, आणि ओठांची गोल वाटी झालेली आहे. या वाटीने तो दगडाला, लाकडाला, काचेला चिकटतो आणि दातांनी शेवाळ खरवडून खातो. शेवाळ आणि तळाचा गाळ पचवायला वेळ लागतो, म्हणून आतडं शरीराच्या कितीतरी पट लांब, गुंडाळी करून पोटात बसवलेलं.

या कुळाचं नाव लोरिकॅरिइडी. घर दक्षिण अमेरिका आणि तिच्या वरचा मध्य अमेरिकेचा थोडा दक्षिण भाग. ॲमेझॉन आणि ओरिनोको ही त्यांची मोठी खोरी. मांजरमाशांतलं हे सगळ्यांत मोठं घराणं आहे, जाती नऊशेच्या वर. आपल्याकडे जो आला तो एकदोन जातींचा आणि त्यांच्या संकरांचा आहे. संकर इतके झालेत की पोटावरच्या ठिपक्यांवरून जात सांगायला गेलेला अभ्यासकही शेवटी खांदे उडवतो.

तो इथं आला तो घरातल्या काचेच्या टाकीसाठी. टाकीची काच हिरवी होते, हा ती साफ करतो. दुकानात बोटाएवढा असतो तेव्हा गोड दिसतो. पुढे तो फूट-दीड फुटाचा होतो, टाकीत मावत नाही, आणि जीव घेणं पाप म्हणून मालक त्याला पिशवीत घालून तळ्यात किंवा नदीत सोडून येतो. अमेरिकेच्या फ्लोरिडात हे गेल्या शतकाच्या मध्यापासून घडलं, मग मेक्सिको, फिलिपिन्स, इंडोनेशिया, बांगलादेश. आपल्याकडे केरळात सापडला, वाराणसीला गंगेत सापडला, कोलकात्याच्या पाणथळीत सापडला. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेने अलीकडे नवी पद्धत वापरली. जाळं टाकायचं नाही, नुसतं पाणी भरून आणायचं आणि त्यात या माशाच्या डीएनएचे अंश शोधायचे. पूर्व घाटातल्या निम्म्याहून जास्त पाणसाठ्यांत त्यांना ते मिळाले.

उजनीत तो फोफावला याला कारण आहे. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून थेट उजनीत उतरतं. त्या पाण्यावर शेवाळ माजतं, आणि शेवाळ हेच याचं जेवण. सांडपाण्याने पाण्यातला प्राणवायू घटला की इतर मासे वर येऊन तोंड वासतात; याला त्याचं काही नाही. हा मासा पोटाने श्वास घेतो. वर येऊन हवेचा घोट गिळतो आणि पातळ अस्तराच्या, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या जठरातून प्राणवायू शोषतो. जाळ्यातून काढून काठावर फेकलेला सकर त्याच दिवशी संध्याकाळी जिवंत असतो. ॲमेझॉनकाठच्या बाजारात त्याचे भाऊबंद पाण्याबाहेर ढिगाने जिवंत विकायला ठेवलेले असतात ते यामुळेच. मच्छीमाराचं दुखणं वेगळं आहे. पराचे काटे ताठ झाले की मासा जाळ्यात असा अडकतो की सोडवताना जाळं फाडावं लागतं. रोहूला गिऱ्हाईक आहे, याला नाही. म्हणजे मेहनत तीच, माल शून्य, वर जाळ्याचा खर्च.

पण चिलखत आणि पोटाचा श्वास एवढ्यावर कुणी परमुलखात राज्य करत नाही. खरी गंमत याच्या विणीत आहे आणि आज मला बोलायचं आहे ते त्यावरच.

विणीचा हंगाम आला की नर काठाची दरड निवडतो. चिकण किंवा गाळाची, उभी, पाण्याखालची. तिच्यात तो तोंडाने आणि परांनी बीळ कोरतो. बीळ आडवं जातं, किंचित खाली उतरतं, लांबी मीटरभर, कधी जास्तही. अनेक नर शेजारी-शेजारी कोरतात, त्यामुळे एकेका दरडीत बिळांची रांगच लागते. मादी आत जाते आणि बिळाच्या टोकाला अंडी घालते. अंडी मोठी, पिवळसर, एकमेकांना चिकटून गोळा झालेली. संख्या काही शेकड्यांपासून दोन-तीन हजारांपर्यंत. मग मादी निघून जाते. तिचं काम झालं, पुढे त्याच हंगामात ती पुन्हा अंड्यावर येऊ शकते. आत राहतो बाप. तो बिळाच्या तोंडात अंग अडवून बसतो, आणि बाहेरच्याला दिसतं ते फक्त हाडाचं कवच. परांनी तो अंड्यांवर पाणी खेळवतो, बुरशी धरलेली अंडी बाजूला काढतो. पिल्लं चारसहा दिवसांत फुटतात, पण लगेच बाहेर येत नाहीत. पोटाशी बलकाची थैली असते ती संपेपर्यंत ती बापाच्या आडोशाला आत राहतात. बाहेर पडतात तेव्हा अंगावर पाट्या धरायला लागलेल्या असतात.

काचेच्या टाकीत हा सहसा वीत नाही, कारण टाकीला दरड नसते. म्हणून बाहेरच्या देशांत मत्स्यशेतीवाले त्याला मातीच्या तळ्यात ठेवतात आणि कडेने मडक्याच्या मातीचे नळ पुरून देतात. नर नळ ताब्यात घेतात आणि काम चालू होतं.

याच्या नात्यातली, पण वेगळ्या घराण्यातली, कोरिडोरस म्हणून छोटी चिलखती मांजरमासळी आहे. फ्रान्समध्ये पॅरिसला कार्बोनिए नावाच्या गृहस्थाने १८७८ साली ती टाकीत विणवून दाखवली होती, इतकी ही हौस जुनी आहे. तिची तऱ्हा आणखी चमत्कारिक. मादी नराच्या पोटाला तोंड लावते आणि त्याचं वीर्य चक्क गिळते. ते आतड्यातून काही सेकंदांत बाहेर येतं आणि तिने आपल्या परांच्या ओंजळीत धरलेल्या अंड्यांवर पडतं. जपानी संशोधकांनी १९९५ साली हे नोंदवलं. त्यांनी मादीच्या तोंडाशी निळा रंग सोडला आणि तो लगोलग दुसरीकडून बाहेर पडताना पाहिला. हे सांगताना मायबहिणींसमोर संकोच वाटायला हवा, पण शेतकऱ्याच्या घरात विणीबद्दल कुणाला काय संकोच. आणखी एक होप्लोस्टर्नम. त्याचा नर पाण्यावर फेसाचं घरटं बांधून त्याखाली राखण करत बसतो. या माशाला त्रिनिदादमध्ये कास्कादुरा म्हणतात. उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून नेलेल्या आपल्या लोकांचे वंशज तिथं त्याचा रस्सा करून खातात, आणि जो तो खाईल तो मरायला त्रिनिदादलाच येईल अशी तिथं समजूत आहे.

आता आपल्या रोहू-कटल्याकडे या. आपल्या तळ्यांत आणि धरणांत मच्छीमार सोसायट्या सोडतात ते हेच, रोहू, कटला, मृगळ. त्यातला रोहू तर मुळात उत्तरेच्या नद्यांचा, तोही इथला पाहुणाच. या माशांची मादी किलोमागे लाख-दोन लाखांच्या घरात अंडी टाकते, आणि टाकली की विसरते. बापही विसरतो. सगळी भिस्त पुरावर. पावसाचं पाणी चढलं, नदी काठ सोडून पसरली, उथळ गढूळ पाण्यात धार लागली की नर-मादी तिथं जातात आणि अंडी पाण्यावर सोपवतात. आपल्याकडचे चढणीचे मासेही पहिल्या पुराला ओढ्यात-वावरात घुसतात ते याच कामासाठी.

साचलेल्या पाण्यात रोहू वीत नाही. तळ्यात तो वाढतो, अंड्याने पोट फुगतं, पण धार नाही म्हणून अंडी तशीच जिरून जातात. यावर उपाय निघाला तो १० जुलै १९५७ ला. हिरालाल चौधुरी आणि अलीकुन्ही यांनी ओडिशात माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून बंदिस्त पाण्यात विणवणूक घडवली. तो दिवस आज मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात, आणि रास्त आहे. त्या सुईवर पुढची सगळी मत्स्यशेती उभी राहिली. पण दुसरी बाजूही बघा. दरवर्षी बीज आणायचं, बोटुकली वाढवायची, सोडायची, पकडायची, पुढल्या वर्षी पुन्हा बीज. कारण धरण बांधून पुराची धार आपण अडवली. उजनीत पाणी १९८० च्या सुमारास अडलं, तुमच्या खाली इसापूरला पैनगंगा अडली, तिकडे पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर. भिंत बांधताना आपण सिंचनाचा हिशेब केला, विजेचा केला. कोणत्या माशाला वीण बंद होईल आणि कोणत्या माशाला पाळणा मिळेल हा हिशेब कुणी मांडला नव्हता, आणि मांडला असता तरी धरण थांबलं नसतं, हेही मला कळतं.

सकरला धार लागत नाही. त्याला स्थिर पाणी चालतं, दरड चालते. अंडी हजारांत, तरी बाप दारात बसलेला असल्याने त्यातली बरीच पार पडतात. रोहूची लाखांतली अंडी धार न मिळाल्याने पोटातच जिरून जातात. माणसाने नदीचं तळं केलं आणि त्या तळ्यात सांभाळणाऱ्याचा वंश वाढला.

उजनीचाच दुसरा दाखला घ्या, चिलापीचा. तिलापिया मासा १९५२ साली आपल्या देशात आणला. आज उजनीत आणि अनेक धरणांत तो भरभरून आहे. त्याची वीण कशी? मादी अंडी तोंडात धरते. पिल्लं फुटली तरी काही दिवस तोंडातच. पोरांना बाहेर सोडते आणि धोका दिसला की पुन्हा तोंड उघडते, पोरं आत. म्हणजे उजनीवर ज्या दोन परक्यांनी कब्जा केला त्यांतल्या एकाची आई तोंडात सांभाळते, दुसऱ्याचा बाप बिळात. माझ्या मते हा योगायोग नाही. साचलेल्या पाण्यात टिकायचं तर पोरं सांभाळावी लागतात.

उलट बाजूचं उदाहरणही त्याच लोरिकॅरिइडी कुळात आहे. ब्राझीलच्या शिंगू नदीत एक छोटा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा आहे, हायपॅन्सिस्ट्रस झेब्रा. १९९१ साली त्याला हे नाव मिळालं. हौशी लोक त्याच्यासाठी वाटेल ते मोजतात. हाही कपारीत अंडी घालतो, याचाही नर राखण करतो. पण त्याला लागतात वाहत्या पाण्याखालचे खडक, आणि तेही शिंगूच्या एकाच वळणावरचे. त्याच वळणाचं पाणी बेलो मोंते धरणाने वळवलं. आता त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. एकाच घराण्यातला एक मासा धरणाने मरायला टेकला आणि दुसरा धरणांवर पोसला. म्हणून मी सकरला राक्षस वगैरे म्हणत नाही. वर्तमानपत्रं म्हणतात. राक्षस म्हटलं की आपलं काम संपतं, असं त्यांना वाटत असावं.

नुकसान मात्र खरं आहे. मेक्सिकोत इन्फिएर्नियो नावाचं मोठं धरण आहे, तिथं तिलापियाची मासेमारी जोरात होती. सकर शिरल्यावर जाळ्यात निम्म्याहून जास्त तोच येऊ लागला आणि मच्छीमार देशोधडीला लागले. त्याच देशात चाकामाक्स नदीत दोन अमेरिकी संशोधकांनी २०१३ साली एक गोष्ट मांडली, ती मला फार मोलाची वाटते. हाडाला फॉस्फरस लागतो. या माशाच्या अंगावर सगळी हाडंच हाडं. तो खाल्लेल्या शेवाळातला फॉस्फरस आपल्या चिलखतात साठवतो, म्हणजे नदीचं खत त्याच्या अंगात अडकून राहतं आणि शेवाळापासून वर कुणाला मिळत नाही. फ्लोरिडात झऱ्याच्या गरम पाण्यात हिवाळा काढायला मॅनाटी येतात, मोठे सुस्त पाणप्राणी. सकर त्यांच्या अंगाला चिकटून पाठीवरचं शेवाळ खरवडतात आणि मॅनाटी बेजार होतात. आणि दरड? शंभर बिळं पडलेली दरड पुराला टिकत नाही. फ्लोरिडात आणि टेक्ससमध्ये ओढ्या-कालव्यांचे काठ असे ढासळले आहेत.

खाऊन संपवा, असं लोक सुचवतात. ॲमेझॉनकाठी खातातच, सालासकट निखाऱ्यावर भाजून. तिथं त्याचं वाळवलेलं पीठही करतात, पिराकुई म्हणून. चव वाईट नाही. पण शहराच्या सांडपाण्यावर वाढलेला, तळाचा गाळ खाणारा मासा जड धातू अंगात साठवतो, हे इतर देशांत तपासून दिसलं आहे. तेव्हा उजनीचा सकर ताटात घ्या, असं मी सांगणार नाही.

मग पैनगंगेचं काय? तुमची ही नदी बुलढाण्याकडच्या अजिंठ्याच्या डोंगरातून निघते, वाशीम-हिंगोलीच्या मधून इथं येते, खाली इसापूर, त्याच्या पलीकडे सहस्रकुंडाचा धबधबा. गोदावरीकडून पोहत वर यायचं म्हटलं तर माशाला आधी तो कडा चढायला हवा, मग इसापूरची भिंत. ते होणार नाही. सकर इथं आलाच तर पिशवीतून येईल. हिंगोलीच्या नाहीतर वाशीमच्या दुकानातून घरात, घरातून डोहात. किंवा बाहेरून आणलेल्या बोटुकलीच्या डब्यात मिसळून, कारण लहानपणी काळ्या रंगाचं बोटाएवढं पिल्लू गर्दीत ओळखू येत नाही. म्हणून सोसायटीच्या मंडळींना माझी विनंती आहे. बीज आलं की डबा सरळ तळ्यात उलटा करू नका. पांढऱ्या घमेल्यात ओता. रोहू-कटल्याचं पिल्लू पाण्यात तरंगत फिरतं, सकरचं घमेल्याला चिकटून बसतं. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि ज्यांच्या घरी टाकीत हा आहे त्यांनी तो नदीत सोडू नये. पाप-पुण्याचा प्रश्न असेल तर सांगतो, नदीत सोडणं हे पुण्य नाही. दुकानदाराला परत द्या, कुणाच्या मोठ्या टाकीत द्या.

शेवटी आपल्या मरळीबद्दल बोलतो, कारण इथं तिचीच आठवण काढायला हवी. मरळही हवेत श्वास घेते, साचलेल्या पाण्यात विते, धार मागत नाही. नर-मादी मिळून गवतात जागा साफ करतात, अंडी पाण्यावर तरंगतात, आणि पिल्लं फुटली की लालसर थवा आईबापांच्या डोक्यावर फिरत राहतो. सकरला जे जमतं ते सगळं आपल्या मरळीला जमतं, फक्त चिलखत नाही. उलट ती शिकारी आहे, लहान मासे खाते. तेलंगणाने तिला राज्याचा मासा केलं. आणि आपण काय करतो? जून-जुलैत लाल थवा दिसला की त्याखाली आईबाप आहेत हे ओळखून बरोबर तिथं गळ टाकतो. आईबाप गेले की थव्यातलं एक पोर वाचत नाही, बाकीचे मासे तासाभरात साफ करतात. गावातल्या भोई मंडळींना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे; पोरासोरांना आवर घालणं तेवढं त्यांच्या हातात आहे.

सध्या वैशाख आहे, डोह उतरले आहेत, दरडी उघड्या पडल्या आहेत. सकाळी नदीवर जाल तेव्हा पाण्याच्या रेषेच्या वर नजर टाका. खेकड्याचं बीळ लहान असतं आणि तोंडाशी मातीच्या गोळ्या पडलेल्या असतात. हात कोपरापर्यंत जाईल एवढं रुंद, रांगेने पडलेलं, आत खाली उतरत गेलेलं बीळ दिसलं तर आत हात घालू नका, फांदी घाला. पाणी ओसरल्यावरही ओल्या बिळात नर दिवसच्या दिवस जिवंत राहतो. फांदीला काही कडक लागलं आणि ते मागे सरकलं, तर पाठीचा आणि पोटाचा फोटो काढा आणि मत्स्यव्यवसाय खात्याच्या हिंगोलीच्या कार्यालयात दाखवा. पकडलेला मासा परत पाण्यात टाकू नका, आणि काठावरही सोडू नका. ओल्या मातीवरून सरपटत तो पाणी गाठतो.

प्रश्न असतील तर विचारा. ताटातला मासा इथंच आहे, हाताळून बघा, फक्त उलटं बोट फिरवताना जपून.